खडी

हातगाडीवर आडवी घालून आणली तिला रमजान तडवीने.
तीन पायांना चाकं, चौथ्याला वीट.
मागून मॉरीनबाई, छत्री घेऊन,
म्हणाल्या, तायडे, हिला शेगडी म्हणू नकोस,
बार्बेक्यू म्हण.
मी म्हटलं, बरं.
पावतीवर मात्र ‘शेगडी, मोठी’ असंच लिहिलं,
माझ्या हाताला तेवढंच वळण.

पर्थहून मुलाने पाठवलेली, एकोणऐंशी साली,
बोटीने मुंबई, तिथून मालडब्यातून भुसावळ.
डिक्रूझसाहेबांनी तीन नाताळ पेटवली,
मग गुडघे गेले, मग साहेब गेले,
झाकणाखाली मांजर दोनदा व्याली.

उघडली.
आत चरबी, डांबर झालेली.
आधी पत्र्याचा तुकडा, मग सोडा, मग रॉकेल,
मग रमजानच्या शिव्या.
बर्नर बिडाचा, छत्तीस भोकं, त्यातली अकरा जिवंत.
सायकलच्या आरीला धार लावून
एकेक टोचत गेलो दोन दुपारी,
पंखा बंद, कारण वीज नाही,
बाहेर शेहेचाळीस.
नळीत कुंभारमाशीचं घर सापडलं,
मातीची पाच मडकी एका ओळीत, रिकामी.
तशीच पेटवली असती
तर ज्योत उलटी फिरून नळीतच भडकली असती.
मडकी मी फेकली नाहीत. का, ते विचारू नका.
डबीत आहेत, वॉशरच्या शेजारी.

जेटचं भोक झिजून मोठं झालेलं,
पितळेचा नवा कातून घेतला.
तरी ज्योत पिवळी, लांबडी, काजळी धरणारी.
हवेची झडप केसभर उघडली,
अजून केसभर,
आणि ती निळी झाली, बुटकी, आवाज करणारी.

राहिले जाळीखालचे दगड.
ज्वालामुखीचे असतात, बाई म्हणाल्या,
त्यांच्या पिशवीत मूठभर भुगा उरला होता.
तापीतले गोटे आणले, गुळगुळीत, देखणे.
पहिल्याच आचेला दोन फुटले,
कपची रमजानच्या कानाजवळून भिंतीत.
नदीचं पाणी दगड इतक्यात सोडत नाही.
रमजान कान चोळत रुळांकडे बघत बसला.
म्हणाला, भाऊ, ते काय कमी काये हायेत?

दोन घमेली खडी. कोणाला विचारलं नाही.
वर्षानुवर्षं उन्हात भाजलेली,
हजार मालगाड्या अंगावरून गेलेली.
हा सगळा मुलूखच एके काळी वाहत आलेला लाव्हा,
हे झोपे सर भूगोलाच्या तासाला सांगत होते,
तेव्हा मी खिडकीतून शंटिंग बघत होतो.

पेटवायच्या दिवशी बाईंनी मटण आणलं नाही.
दोन किलो वांगी आणली, भरिताची, बामणोदची, हिरवी-पांढरी.
म्हणाल्या, तुझा बाप फावड्यावर भाजायचा,
फायरबॉक्सच्या तोंडाशी,
खंडवा येईपर्यंत तयार.
नॉर्मन घरी येऊन वर्णन करायचा
आणि माझ्या भरिताला नावं ठेवायचा.
म्हणून तर त्याने पोराकडे ही मागितली.

मला ठाऊक नव्हतं.
आगवाल्या चाळीत आमच्या बापाने
चहासुद्धा कधी स्वतः टाकला नाही.
ड्यूटीवरून यायचा, हात पुढे करायचा,
आई त्यावर पाणी ओतायची,
पाणी काळं व्हायचं.
तळहाताला कोळशाचा वास, एवढंच आमच्या वाट्याला.
वांग्याचा कधी आला नाही.
की आला होता, आणि आम्ही ओळखला नाही?

वांगी सोलली, बडगीत ठेचली,
मिरची, लसूण, कांद्याची पात, कळण्याची भाकरी.
मॉरीनबाईंनी घास घेतला, मान हलवली.
नाही, हे ते नाही.
रमजान उठला,
कुंपणातली पऱ्हाटी मोडून खडीवर टाकली,
धूर झाला, डोळे गेले सगळ्यांचे,
दुसरं वांगं चढवलं.
हेही नाही, बाई म्हणाल्या,
आणि ताट पुढे केलं, अजून वाढ.

दोन दिवस इथेच राहू दे, म्हणाल्या जाताना.
सकाळी गँगमन भिरूड सायकल टेकवून उभा राहिला,
जाळीखाली वाकून बघितलं,
खडी ओळखली.
मी पाना पुसत राहिलो.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
गुरुवारी वांगे आनू का?